तीन इंच

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये दुसऱ्यांदा गेलो
तो एकटाच, स्कूटरवर.
पहिल्यांदा सगळे गेलो होतो.
तृप्तीने स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढला,
शालूने सीट चिमटीत धरून पाहिली,
कोष्ट्याच्या लेकीला ते राहवत नाही,
आणि म्हणाली, कापड नाही हो, चामडं आहे.

अंशुल नावाचा पोरगा. टाय. गार पाण्याची बाटली.
"परातेसाहेब, बसून तर पाहा."
आत गारवा असा
की मला माझ्या धंद्याची लाज वाटली.
मी कूलर बनवतो.
पत्रा कापतो, ताट्या भरतो, मोटर कसतो.
आणि हा गारवा आवाजसुद्धा करत नाही बे!

बत्तीस लाख.
आकडा त्याने टॅबवर दाखवला, तोंडाने उच्चारला नाही,
घरात काही आजारांची नावं घेत नाहीत तसं.
सात रोख, बाकीचे पाच वर्षं,
महिन्याला बावन्न हजार.
मी मनात भाग दिला.
एका कूलरमागे सुटतात अकराशे,
म्हणजे सत्तेचाळीस कूलर. अठ्ठेचाळीसच धरा.
एप्रिलात हे आठवड्याचं काम.
मेमध्ये पारा सेहेचाळीसला टेकला की
लोक पायरीवर नोटा घेऊन भांडतात.
पण हप्ता पोळ्यालाही येतो,
मारबतीच्या दिवशी येतो,
डिसेंबरात फिरोज शेडमागे खोकी जाळून हात शेकतो
तेव्हाही येतो.
ऑगस्टात नागपुरात कूलर घेते कोण?

"बँकेच्या हिशेबाने," अंशुल म्हणाला,
"तुम्हाला आरामात परवडते."

परवडते.
बाबा हा शब्द वापरत नसत.
मागावरून कंबर धरून उठायचे,
आणि काहीही मागा, सायकल, पंखा, माझी आयटीआयची फी,
एवढंच विचारायचे:
पेलंल का?
परवडतं ते कागदावर.
पेलतं कुठे, ते मी पाठीत
बोट ठेवून दाखवू शकतो.

खोटं कशाला बोलू, मला ती हवी आहे.
लाल नाही, ती कोपऱ्यातली राखाडी.
मेव्हणा पुण्याहून येतो
अन् आमच्याच दारात किल्ली बोटावर फिरवतो, ते सोडा.
मला ती रात्री हवी आहे.
सीझन संपल्यावर,
फुटाळ्याला एक चक्कर, काचा वर करून,
सोबत कोणी नको.
बावन्न वर्षांच्या माणसाला हे एवढं हवं असतं,
सांगणार कुणाला?

मग खिशातला टेप काढला. सवय.
"साहेब, ब्रोशरमध्ये आहे सगळं."
म्हटलं, टोक धर.
आरशापासून आरशापर्यंत
सहा फूट अकरा.
आमची गल्ली, हेडाऊंच्या ओट्यापाशी,
सहा फूट आठ.
ते माप मी पहाटेच घेऊन ठेवलं होतं,
दूधवाल्याची नजर चुकवून.

तीन इंच.
काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!
बत्तीस लाख, साठ हप्ते, सगळे ऑगस्ट
हेडाऊंच्या ओट्यावर टेकवले
आणि मोकळा झालो.

तेवढ्यात अंशुलने बटण दाबलं.
दोन्ही आरसे हळूच मिटले,
शेळीने कान पाडावेत तसे.
"आता जाईल ना, साहेब?"

घरी सांगितलं, गल्लीत मावत नाही.
तृप्ती म्हणाली, किती कमी पडतं?
तीन इंच म्हटलं, ते खरंच होतं.
शालू पोळी लाटता लाटता
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहून राहिली होती.

आता शेडमध्ये बसलो आहे.
जुलै संपत आला. चौदा कूलर उरले,
एकावर एक, प्लास्टिकखाली.
फिरोज विचारतो, का झालं भाऊ?
काही नाही म्हणतो.
टेप ओढतो, सोडतो.
सहा अकरा. सहा आठ.
मिटलेल्या आरशांचं माप
मी घेतलंच नाही.